कोंबडीखाद्यात एमबीएमचा (मीट अँड बोन मील, म्हणजे मांस-हाडांची पूड) फॉस्फरस पूर्ण धरू नका
हाडातला फॉस्फरस म्हणजे फायटेट (धान्यातला, कोंबडीला नीट न पचणारा फॉस्फरस) नाही, त्यामुळे मीट अँड बोन मीलचा सगळाच पचतो, तेवढा डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी खाद्यात घालतात ते) काढा असं एकाने लिहिलंय. फायटेटचं बरोबर, पण सगळा पचत नाही हो. हाडात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असतं, ते ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबडीच्या) आतड्यात फॉस्फरसला परत बांधून टाकतं आणि वरून आपण चुनखडीचा डोस तोच ठेवला की अजूनच वाट लागते, फायटेजचंही (फायटेट फोडणाऱ्या एन्झाइमचं) काम मंदावतं. आमच्याकडे एक लॉट चाळला तर ज्वारीच्या दाण्याएवढे हाडाचे तुकडे, पुढच्या लॉटमध्ये नुसतं पीठ! म्हणून प्रत्येक लॉटचं कॅल्शियम, फॉस्फरस तपासा, चुनखडी आधी कमी करा आणि डीसीपीला मग हात लावा, नाहीतर पिल्लं पाय कमजोर होऊन बसतात. फेदर मील (पिसांची पूड), ब्लड मीलमध्ये (रक्ताची पूड) मुळात फॉस्फरस फारच कमी, ते या हिशोबात धरूच नका.