जिम्नीला लिफ्ट किती: ४० मिमी, २ इंच की ३ इंच? (वाळवा-शिराळा, पाणंद + हायवे)

पाणंदवाला
गाडी जिम्नी मॅन्युअल, टायर कंपनीचेच, १९५/८० आर१५. जास्त वापर पुणे-बेंगळुरू हायवेवर. तोडणीच्या हंगामात वाळव्याच्या ऊसपट्ट्यात पाणंदीतून रोजची ये-जा, आणि अधूनमधून शिराळ्याच्या वर चांदोलीकडचे दगडी रस्ते. ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या टेपने मोजल्या. सगळ्यात खोल जागी २४ सेंमी भरल्या. मधला वरंबा खालून घासतो.
तीन प्रश्न आहेत. लिफ्ट (स्प्रिंगा-शॉक बदलून गाडी उंच करणं) किती घ्यावी? २३५/७५ आर१५ टायर घालावेत का? आणि दुकानदार म्हणतो, ३ इंचाच्या स्प्रिंगा टाका, शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) जुनेच चालतील. हे खरं का?

पाटा-कमान, कराड
शेवटच्याचं आधी. जुन्या शॉकवर ३ इंच अजिबात नको. शॉकची पूर्ण उघडलेली लांबी तेवढीच राहते, म्हणजे गाडी जितकी वर उचलाल तितका चाकाचा खाली जाण्याचा प्रवास कमी होतो. खड्ड्यात चाक जमिनीपर्यंत पोचायच्या आधीच शॉक ताणून ठक्कन थांबतो. मग चाक हवेत आणि गाडी जागेवर. वर आतले सील लवकर जातात ते वेगळंच.

आता मूळ मुद्दा. खाली नेमकं काय घासतंय ते बघितलंत का? वरंब्याची माती डिफच्या (अॅक्सलच्या मधल्या डिफरन्शियलच्या) गोळ्याला लागलेली आहे की गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला)? जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अॅक्सल आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, डिफ एक मिलिमीटरही उचलला जात नाही. कंपनीचा २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स वाढवायचा तर टायरच मोठा लागतो, आणि तोही व्यासातल्या फरकाच्या निम्म्यानेच वाढतो:

१९५/८० आर१५ = ६९३ मिमी
२१५/७५ आर१५ = ७०३ मिमी, डिफखाली ५ मिमी जास्त
२३५/७५ आर१५ = ७३३ मिमी, डिफखाली २० मिमी जास्त

म्हणजे २३५ घालूनही २३० होतात आणि तुमचा वरंबा २४०. भुसभुशीत असेल तर डिफ नांगरासारखा काढत जाईल, वाळून कडक झाला की अडकणार. तिथे लिफ्टपेक्षा चाक कुठे ठेवता हे कामाचं. एक बाजू वरंब्यावर, दुसरी चाकोरीबाहेरच्या काठावर. आणि काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर वाफसा येईपर्यंत उतरूच नका. ती माती टायरच्या खाचांत भरून बसली की ३ इंच काय नि ६ इंच काय.

चांदोलीकडच्या दगडांवर मात्र लिफ्टचा खरा उपयोग होतो, कारण तिथे पोट आणि बंपर टेकतात. जिम्नीचा रॅम्प-ओव्हर कोन (पोट न टेकता उंचवटा ओलांडता येतो तो कोन) २४ अंश. २५९० मिमी व्हीलबेसवर ५० मिमी उचललं की तो २८ च्या आसपास जातो. हा फरक चांगला जाणवतो.

तुमच्या वापराला ४० ते ५० मिमी. त्यापुढे गेलात की प्रत्येक सेंटिमीटरमागे एक जादा पार्ट बदलावा लागतो. ५० मिमीच्या कामातही हे धरून चाला:

– स्प्रिंग आणि शॉक जोडीने, एकाच मापाचे. स्प्रिंग वजन बघून घ्या. लोखंडी बंपर आणि विंच नसेल तर हेवी स्प्रिंग नको. रिकामी जिम्नी त्यावर नुसती उड्या मारते.
– कॅस्टर (पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे कललेला कोन). पुढचे आर्म (अॅक्सल चासीला जोडणारे दांडे) तिरके झाल्याने ५० मिमीला साधारण अडीच-तीन अंश कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हायवेवर ट्रक शेजारून गेला की गाडी हलते. उपाय दोन. एक, आर्ममध्ये ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले). ते हायड्रॉलिक प्रेसवरच बसवायचे. खूण उलट्या दिशेला गेली तर कॅस्टर सुधारायच्या ऐवजी आणखी बिघडतो, हे सर्रास होतं. दोन, आर्म खाली घेणारे ड्रॉप ब्रॅकेट. भूमिती छान राहते, पण ब्रॅकेट खाली लोंबतात आणि दगडाला तेच पहिले लागतात. तुम्हाला बुश.
– पॅनहार्ड रॉड (अॅक्सलला आडवा जागेवर धरणारा दांडा). गाडी वर गेली की अॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो, पुढचा एकीकडे, मागचा दुसरीकडे. ॲडजस्टेबल रॉड पुढेही हवा, मागेही.
– ब्रेक होज आणि एबीएसच्या वायरी. गाडी चासीवर उचलून चाकं पूर्ण लटकवा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. होज ताणलेला दिसला तर लांब होज किंवा ब्रॅकेट.
– हेडलाइटचा झोत पुन्हा लावा, नाहीतर समोरचा शिव्या घालतो.

बसवताना सगळीकडे होणारी चूक म्हणजे गाडी जॅकवर असतानाच आर्म आणि पॅनहार्डचे बोल्ट आवळणं. रबर बुश त्या लटकत्या अवस्थेत पकडला जातो, गाडी खाली आली की कायम पिळलेला राहतो आणि थोड्याच महिन्यांत फाटतो. बोल्ट हातानेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा, मग टॉर्क रेंचने आवळा.

घाटरस्ता
वरचं सगळं मान्य, पण २३५ ला माझा विरोध. इंजिन १०५ पीएस, १३४ एनएमचं. व्यास जवळजवळ ६ टक्के वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा लांब होतो, आणि एटी-एमटी (ऑल-टेरेन, मड-टेरेन) टायरचं वजन वरून. खंबाटकीला चौथ्यात चढणारी गाडी तिसऱ्यात आणावी लागेल. मीटर ८० दाखवेल तेव्हा वेग पूर्वीच्या ८० पेक्षा सुमारे ५ किमीने जास्त असेल. मागच्या दारावरची स्टेपनीही जड होते, बिजागऱ्यांवर ताण येतो. लिफ्टशिवायही २१५/७५ सहसा घासत नाहीत. हायवे जास्त असेल तर तेच घ्या.
आणि बिनखर्चाचा उपाय आधी करा. पाणंदीत १८ पीएसआय, दगडात २०-२२. डांबरीवर येताच हवा परत भरायची, त्यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

सडा_चाळकेवाडी
थारलाही (२०२० नंतरची) हाच हिशेब का?

पाटा-कमान, कराड
नाही. थारला मागे अखंड अॅक्सल, पण पुढे डबल विशबोन, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र. पुढे लिफ्ट केली की डिफ चासीबरोबर वर जातो, त्यामुळे पुढचा क्लिअरन्स खरोखर वाढतो. किंमत अॅक्सल शाफ्ट मोजतात. सीव्ही जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन वाढतो, बूट (त्यावरचं रबरी आवरण) घासून फाटतो, ग्रीस उडतं आणि त्यात माती शिरली की जॉइंट गेला. २ इंचाच्या पुढे डिफ ड्रॉप (डिफ खाली घेणारं किट) लागतो, म्हणजे मिळवलेला क्लिअरन्स परत द्यायचा.
अजून एक. स्ट्रटवरचा (पुढच्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीवरचा) २५ मिमीचा स्पेसर म्हणजे २५ मिमी लिफ्ट नव्हे. स्ट्रट खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसतो, त्यामुळे चाकापाशी ४०-५० मिमी मिळतात. स्पेसरची जाडी लिफ्ट समजून ५० मिमीचा तुकडा घातला तर वरचा बॉल जॉइंट टोकाला जातो. २ इंचाला वरचे आर्म बदललेले बरे, म्हणजे कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर मापात आणता येतात.

एमएच-११
कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर नेमकं हेच शोधतो. मूळ स्प्रिंग, शॉक, टायर भंगारात देऊ नका. जिम्नी १६४५ मिमी रुंद आणि १७२० उंच, मुळातच अरुंद. बांधाच्या उतारावरून तिरकी नेताना ५० मिमीसुद्धा कळतात.

पाणंदवाला
खालून बघितलं. माती डिफवर आहे, क्रॉसमेंबर स्वच्छ. मग ४० मिमी + २१५ एटी + कॅस्टर बुश असं ठरवतोय. पॅनहार्ड दोन्ही लगेच घेऊ का?

पाटा-कमान, कराड
४० ला आधी मोजा. सपाट फरशीवर दोन्ही बाजूंना फेंडरवरून ओळंबा सोडा आणि टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. डाव्या-उजव्यात ५ मिमीच्या आत फरक असेल तर सध्या राहू द्या, जास्त असेल तर दोन्ही घ्या.
लिफ्टची उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, जमिनीपासून नको. हवा आणि टायरची झीज त्यात मिसळते. बसवण्याआधी चारही कोपरे लिहून ठेवा, टाकी भरलेली असताना. नव्या स्प्रिंगा पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट बसवल्यावर एकदा आणि त्यानंतर पुन्हा. ५०० किमीला सगळे बोल्ट टॉर्कवर तपासा. आणि ६०-७० च्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागलं तर नुसता स्टिअरिंग डॅम्पर बदलून गप्प बसवू नका. आधी बॅलन्सिंग, मग किंगपिन बेअरिंग, टाय रॉडची टोकं आणि पॅनहार्डचे बुश याच क्रमाने बघा.