ड्वार्फ फोर्ट्रेस: वॉटर रिअ‍ॅक्टर ही चीटिंग आहे का?

खाणमजूर:
मित्राशी यावरून चांगलंच वाजलं, म्हणून धागा काढतोय. न खेळलेल्यांसाठी: ड्वार्फ म्हणजे बुटक्या लोकांचा किल्ला उभारायच्या या कॉम्प्युटर गेममध्ये पाणचक्की 100 पॉवर देते आणि स्वतः 10 खाते. स्क्रू पंपाला 10 लागतात. पंपाने उचललेलं पाणी चक्कीखालून फिरवून परत पंपाच्याच तोंडाशी आणायचं. सुरुवातीला एखाद्या ड्वार्फला पंपाला जुंपा, मग गाडी आपोआप चालू. हाच वॉटर रिअ‍ॅक्टर: 80 पॉवर फुकट, ना नदी लागते ना वारा. मित्र म्हणतो चीटिंग. मी म्हणतो, त्या दुनियेचा कायदाच तसा आहे, आणि तो हुडकून काढण्यातच खरा खेळ आहे.

बुरुजावरून:
मित्र बरोबर आहे. खेळ बनवणाऱ्या दोन भावांपैकी झॅक अ‍ॅडम्स आधी कथा लिहितो, त्यावरून खेळात काय हवं ते ठरतं. म्हणजे हा खेळ गोष्टी घडाव्यात म्हणून आहे. गोठलेली नदी, बंद पडलेले पंप, वैतागलेले ड्वार्फ, यातून गोष्ट घडते. तुमच्या रिअ‍ॅक्टरमधून काय घडणार? डोंबल!

खाणमजूर:
अहो, खेळाचं प्रोग्रॅमिंग करणारा त्याचा भाऊ टार्न अ‍ॅडम्स स्टॅनफर्डचा गणितातला पीएचडी. 2006 पासून खेळ लोकांच्या हातात आहे. फुकटची पॉवर त्याच्या लक्षात आली नसेल होय?

तिरका_सांधा:
दोघंही सगळं एकाच मापाने मोजताय. पाण्याचा दाब घ्या. उंचावरच्या नदीतून विहिरीच्या हौदाला सरळ बोगदा दिला, तर पाणी विहिरीच्या तोंडातून उसळून भोजनशाळा बुडवतं. बोगद्यात एकच कोपऱ्याला कोपरा भिडणारा सांधा ठेवा, दाब खलास, पाणी हौदात गुमान बसतं. खऱ्या जगात असं होत नाही, पण इथे तो नियम आहे आणि त्यावर बांधकाम करता येतं. हे मला मान्य.
उचलत्या पुलाचं मात्र नाही. पूल खाली आपटला की त्याखालचा दगडधोंडा, चालून आलेले गोब्लिन शत्रू, सगळं गायब! ही निव्वळ पळवाट.

बुरुजावरून:
आणि साबणाच्या एका वडीच्या खांबावर अख्खा किल्ला उभा राहतो, तो कुठला नियम म्हणायचा?

तिरका_सांधा:
तो आळशीपणा. वजनाचा हिशेबच ठेवलेला नाही. पण पुलाइतका राग येत नाही, कारण तो एक खांब पडला की सगळं वाड्यासकट खाली येतं. तिथे धोका आहे. पुलात काय धोका?

खाणमजूर:
फारच मोठा प्राणी खाली आला तर पूलच मोडतो की!

नवा_भिडू:
मध्येच विचारतो. रिअ‍ॅक्टर लावल्यापासून माझा एफपीएस (खेळाचा वेग) पार झोपलाय. लॅपटॉप जुना आहे.

तिरका_सांधा:
वाहतं पाणी एफपीएस खातंच. पंपाच्या आधी गिअर असेंब्ली (पॉवर पुढे नेणारी दातेरी चाकं) बसवून तिला लिव्हर जोडा, गरज नसताना तो ओढून पंप बंद ठेवा. लिव्हर शेजारीशेजारी लावू नका. त्यातला एक मॅग्मा (वितळलेला दगड) सोडणारा असतोच.