'मीच माझा राजा' ठीक आहे, पण कारभाराचं काय?

खडूस_वाचक
सध्या फिरणारी ती पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. 'तुम्ही सार्वभौम आहात. कायदा, समाज, घरचे, डॉक्टर, कुणाचीही सत्ता मानू नका. रोज आरशासमोर "मी परिपूर्ण आहे, मी प्रेमास पात्र आहे" असं शंभरदा म्हणा. २१ दिवसांत मुक्त व्हाल.' खाली पुढच्या शिबिराची नोंदणी. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण डोकंच फिरलं.

आधी आरसा. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वूड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना 'मी प्रेमास पात्र आहे' हे घोकून आणखी वाईट वाटलं. ज्यांचं बरं चाललं होतं त्यांना किंचित फायदा झाला. म्हणजे औषध निरोग्याला लागू आणि रोग्याला बाधक. न पटणारं वाक्य उच्चारलं की मन लगेच त्याविरुद्धचे पुरावे काढून बसतं. वाक्य पटेल इतकं लहान करावं लागतं: 'आजचं काम बिघडलं. तेवढ्यावरून मी वाया गेलेलो ठरत नाही.' हे शंभरदा म्हणावं लागत नाही, बिघडलेल्या वेळी एकदा म्हटलं तरी पुरतं.

आणि 'कुणाचीही सत्ता मानू नका' म्हणजे काय? तपासणीचा अहवाल वाचता येत नाही म्हणून आपण डॉक्टरचं ऐकतो. तिथे आपलाच हेतू जास्त चांगला साधला जातो. कायद्याचा तत्त्वज्ञ जोसेफ रॅझने १९८६ मध्ये सत्तेची हीच कसोटी मांडली: तिचं ऐकून माझ्याच कारणांना मी जास्त नीट न्याय देत असेन, तर ती सत्ता रास्त. नसेन तर नाही. प्रत्येक सत्तेला वेगळी लावायची कसोटी आहे ही. सरसकट नकार हा आळशीपणा.

मुक्तछंद
शिबिरवाल्याला झोडपणं सोपं आहे हो. तो गेला खड्ड्यात. मूळ मुद्द्याचं काय? माणसं सत्तेला नाही म्हणू शकत नाहीत, हा खरा आजार आहे आणि तुमचा रॅझ त्यावर काही देत नाही. कसोटी लावायला आधी थांबता यावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमचं यंत्र आठवा: परीक्षकाच्या सांगण्यावरून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायचे (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं). ३० खटके, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, प्रत्येक खटका आधीच्यापेक्षा फक्त १५ने जास्त. १९६३ साली छापलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. एकदम ४५० द्यायला सांगितलं असतं तर किती गेले असते? घात पायरीच्या उंचीत आहे. १३५ दिल्यावर १५०ला नाही म्हणायचं तर १३५चं काय उत्तर देणार? म्हणून थांबायची रेघ सुरुवातीलाच, डोकं थंड असताना, लिहून ठेवायची. 'अमुक मागितलं की मी उठेन.' आकडा किंवा कृती हवी. 'अति झालं की' असं लिहिलंत तर ते अति कधीच होत नाही.

आणि नकार देताना कारण द्यायचं नाही, हे त्या पोस्टमधलं एकमेव शहाणं वाक्य होतं. ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. कारण दिलं की समोरचा कारणाची दुरुस्ती करतो. 'वेळ नाही' म्हणालात तर तो वेळ काढून देतो. 'मला हे करायचं नाही' याची दुरुस्ती करता येत नाही. तेच वाक्य, त्याच आवाजात, न सजवता पुन्हा म्हणायचं.

आडवातिडवा
अर्धवट सांगताय. नकार सुरू केला की समोरचा दबाव आधी वाढतो. आजवर जो उपाय चालला तो बंद पडला की माणूस तोच उपाय दुप्पट जोराने करून बघतो. इथेच लोक घाबरतात आणि पाचव्या मागणीला हो म्हणतात. मग समोरचा शिकतो की पाचदा मागितलं की मिळतं. त्यापेक्षा पहिल्याच मागणीला हो म्हटलेलं परवडलं. ताणून धरायची ताकद नसेल तर नकाराला हातच घालू नका, 'उद्या सांगतो' म्हणा आणि उद्या खरंच सांगा.

आणि मिलग्रॅम एवढा सरळ नाही. आज्ञा न मानणाऱ्यासाठी परीक्षकाकडे चार ठरलेली वाक्यं होती. पहिलं 'कृपया पुढे चालू ठेवा', दुसरं 'प्रयोगासाठी हे गरजेचं आहे', आणि चौथं थेट हुकूम: 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही.' जेरी बर्गरने २००९ मध्ये हा प्रयोग १५० व्होल्टपर्यंतच पुन्हा केला. त्यात चौथ्या वाक्यापर्यंत पोचलेल्या एकानेही ऐकलं नाही. हुकुमाला माणसं बिथरतात. शरण जातात ती 'गरजेचं आहे'ला, चांगल्या कामाला हातभार म्हणून. तुमचा सार्वभौम गडी गुरकावणाऱ्या साहेबासमोर छाती काढून उभा राहील आणि गोड बोलणाऱ्याच्या मागे मुकाट जाईल.

कलमकसाई
तुम्ही मनाच्या गप्पा मारा, पण या 'सार्वभौम'वाल्यांची खरी घाण कोर्टात दिसते. कायदा आपल्याला लागूच नाही म्हणणारी ही जमात अमेरिकेत, कॅनडात आहे. युक्तिवाद ऐका: जन्मदाखल्यावर नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत छापलंय, म्हणजे ती वेगळी कागदी व्यक्ती, कर आणि दंड तिला, मी हाडामांसाचा, मी संमती दिलेली नाही. काही जण सहीऐवजी अंगठ्याचा ठसाही देतात. २०१२ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात न्यायाधीश जॉन रूक यांनी एका घटस्फोटाच्या खटल्यात या सगळ्याची ७३६ परिच्छेदांत चिरफाड केली. हे शिकवणाऱ्यांना त्यांनी 'गुरू'च म्हटलंय, म्हणजे शिबिराशी नातं जवळचंच.

नुकसान कुठे होतं? कागदाच्या रकान्यात. नोटिशीला ठरल्या मुदतीत मुद्द्याचं उत्तर द्यायचं असतं: रक्कम चुकली, तारीख चुकली, हे कलमच लागत नाही. हे लोक ती मुदत 'तुम्हाला अधिकारच नाही' एवढंच लिहिण्यात घालवतात. रक्कम खरोखर चुकलेली असली तरी ती लढायची संधी गेली. वर समोरच्या पक्षाचा खर्च बोडक्यावर.

निवांत
देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत. आपण कुठल्या व्यक्तीत मोडतो?

कलमकसाई
हसा. दंडाची पावती आली की कळेल कुठल्या व्यक्तीत मोडता ते.

मुक्तछंद
कोर्टाचा इथे काय संबंध? व्यक्तिस्वातंत्र्य म्हटलं की चार विक्षिप्त माणसं पुढे करायची आणि विषय मोडीत काढायचा, ही जुनी खोड आहे. अमेरिकन लेखक थोरोनेही कर भरला नव्हता. १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. त्यालाही अंगठेबहाद्दर म्हणणार?

कलमकसाई
म्हणणार नाही, कारण थोरो 'हा कायदा मला लागूच नाही' असं म्हणत नव्हता. गुलामगिरी आणि युद्ध चालवणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणाला आणि कोठडीत गेला. तो उघड मोडतो आणि किंमत मोजतो. हे मोडतात आणि किंमत चुकवायला पळवाट शोधतात. एवढा फरक दिसत नसेल तर तुमच्याशी वाद घालण्यात राम नाही.

मुक्तछंद
राम नाही तर चार उत्तरं कशाला लिहिलीत?

कलमकसाई
तीनच लिहिली. ही चौथी. मुदती मोजता येत नाहीत ते इथेही दिसतंय.

खडूस_वाचक
अरे, धागा माझा आहे, कोर्टाचं दुसरीकडे काढा! मुक्तछंद, रेघ आधीच लिहून ठेवायची हे मान्य, नाइलाजाने. पण मग त्याच प्रयोगाचा पुढचा भाग का सांगत नाही? एका प्रकारात शेजारी बसलेल्या दोघा साथीदारांनी मधेच उठून नकार दिला. तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. छाती काढून एकटं उभं राहण्याने जे झालं नाही ते शेजारच्या खुर्चीने झालं. 'सगळी नाती तोडा, एकटे व्हा' हे शिकवणारा नेमकी तीच खुर्ची काढून घेतो. मग उरतो कोण? तो आणि त्याचं शिबिर.

डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ तर वर्षानुवर्षं हेच सांगताहेत की स्वायत्त असणं आणि कुणावाचून राहणं या दोन वेगळ्या गोष्टी. मी पूर्ण मनापासून कुणावर अवलंबून असू शकतो, आणि कुणाशी संबंध न ठेवताही दिवसभर अपराधी भावनेच्या धाकात जगू शकतो.

मुक्तछंद
बरं. साथीदार हवा, मान्य. पण तो कुठला, ते तुमचा रॅझ ठरवणार की मी?

आडवातिडवा
साथीदार निवडताना एवढंच बघा: त्याला एखाद्या बारक्या गोष्टीत नाही म्हणून पाहा. पुढच्या वेळी तो तसाच वागला तर ठेवा. रुसला, हिशेब काढू लागला किंवा 'तुझ्या भल्यासाठीच' सुरू झालं, तर तो साथीदार नाही, दुसरा परीक्षक आहे. शिबिरवाल्यावरही हेच करून बघा. नोंदणी रद्द करायला सांगा आणि पैसे किती सरळ परत येतात ते पाहा.