मदत हवी आहे: ओपीजीमध्ये (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये) अक्कलदाढ भलत्याच बाजूला दिसतेय

ऐरोलीकर८:
काल वाशीला ओपीजी काढला. रिपोर्टमध्ये ४८ नंबरची दाढ आडवी, मुळं नसेला लागून असं लिहिलंय, पण फिल्मवर आडवी दाढ डावीकडे आहे!! एक्स-रे दुसऱ्या कुणाचा तर नाही ना? सोमवारी काढायचीय. शिवाय पुढच्या लहान दाढेच्या मुळाशी काळा ठिपका आहे, तो पू का? प्लीज लवकर सांगा

नौपाड्याचा:
अहो दुखतंय कुठल्या बाजूला ते तर लिहा. वय? सूज, ताप? तोंड पूर्ण उघडतंय का?

कळव्याची_काकू:
लवंगेचं तेल कापसावर घेऊन ठेव बाळा. मी तेवढ्यावर भागवलं, दाढ अजून आहे.

घणसोली_सेक्टर७:
नस जवळ असेल तर हात लावू देऊ नका, तोंड वाकडं होतं कायमचं.

एक्सरेवाली:
घणसोली, उगाच घाबरवू नका. तोंड वाकडं होतं ते चेहऱ्याच्या नसेमुळे, ती वेगळी. जबड्याच्या हाडातली ही नस फक्त संवेदनेची, दुखावली तर खालचा ओठ, हनुवटी बधिर होते, बहुतेकदा हळूहळू परत येतं, क्वचित राहतं.
आणि ऐरोलीकर, फिल्म बघताना पेशंट आपल्यासमोर बसलाय असं धरायचं, म्हणजे तुमची उजवी बाजू चित्रात डावीकडे येते. कोपऱ्यात आर किंवा एल असेल, बघा. ४८ म्हणजे खालची उजवी, डावी असती तर ३८. ठिपका दुसऱ्या बाजूलाही तिथेच आहे का? असेल तर बहुतेक ते नस बाहेर यायचं नैसर्गिक भोक आहे, तरी डॉक्टरांना दाखवाच.

घणसोली_सेक्टर७:
बधिर होतं म्हणजे होतंच ना काहीतरी!

ठाणे_पश्चिम:
रूट कॅनलवर कॅप कुठली बसवावी, झिरकोनिया की मेटल?

नौपाड्याचा:
वेगळा धागा काढा हो.

ऐरोलीकर८:
दुखतं उजवीकडेच, मला वाटलं लिहिलंय. वय २९, महिन्यात दोनदा सूज आली. आर सापडला, चित्राच्या डाव्या कोपऱ्यात आहे. ठिपका दोन्हीकडे आहे!! दोन रात्री झोपलो नव्हतो. पण मग नसेचं काय?

एक्सरेवाली:
ओपीजी सपाट असतो, नस मुळाच्या पुढे आहे की मागे ते त्यात कळत नाही. मुळावर काळा पट्टा दिसत असेल किंवा नसेची पांढरी रेघ तिथे तुटलेली असेल तर काढायच्या आधी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करायचा का ते विचारा. फारच चिकटलेली निघाली तर दाढेचा वरचा भाग कापून मुळं आत ठेवतात, तेही विचारा.

कळव्याची_काकू:
सोमवारी कुणालातरी सोबत ने. ऐरोली पुलावर संध्याकाळी फार गर्दी असते.