मदत हवी आहे: वाचनालयाच्या पीसीवर क्रोम १०९ मध्ये पान कोरं येतंय

मंडळी, गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या यादीचं छोटं वेब ॲप हौसेने केलंय. रिॲक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि कोड ब्राउझरसाठी बांधून द्यायला (बिल्डला) वीट हे साधन (नाव सार्थ आहे, मला खरंच वीट आलाय). माझ्या लॅपटॉपवर सुरळीत चालतं, तिकडे मात्र पांढरं पान.

तिथला पीसी विंडोज ७, २ जीबी रॅम, क्रोम १०९. म्हणजे विंडोज ७ ला मिळालेलं शेवटचं क्रोम; फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं ते विंडोज १० पासून पुढेच. 'विंडोज १० घ्या' अशी पट्टी वर येते, ग्रंथपालकाकू ती रोज फुली मारून घालवतात. नवा पीसी घ्या हा सल्ला कृपया नको, यंदाची वर्गणी छपराच्या पत्र्यांत गेली.

काल गावी जाऊन एफ१२ दाबलं. चुका दाखवणाऱ्या कन्सोलमध्ये लाल ओळ एकच: टूसॉर्टेड (toSorted, क्रम लावून नवी यादी देणारं) नावाचं फंक्शनच नाही म्हणे. लेखकांच्या नावांनी यादी लावताना मीच ते वापरलंय. गोम अशी की त्याच पीसीवर फायरफॉक्स ११५ टाकलं तर सगळं व्यवस्थित! आणि सीएसएसमधलं नेस्टिंग (एका नियमाच्या पोटात दुसरा लिहिणं), जे १०९ ला कळतच नाही, त्याची काही तक्रार नाही.

वीट जुन्या ब्राउझरसाठी कोड बदलून देतं ना? मग हेच कसं सुटलं? काकूंना फायरफॉक्सच वापरायला सांगू का? मी पुण्यात असतो, गावी जाणं महिन्यातून एकदा. अजून काय दडलंय ते इथे बसून कसं शोधायचं?

प्रतिसाद १
वीट फक्त कोडची मांडणी जुन्या पद्धतीची करून देतं, म्हणून नेस्टिंग उलगडलं गेलं. ब्राउझरमध्ये नसलेलं फंक्शन ते आणून देत नाही, त्याला पॉलिफिल, म्हणजे तेच काम करणारा वेगळा जोडकोड, लागतं. टूसॉर्टेड क्रोममध्ये ११० ला आलं, फायरफॉक्समध्ये ११५ ला. एका आकड्याने हुकलात! एवढ्यासाठी कोअर-जेएस हा पॉलिफिलांचा मोठा संच नको. स्लाइसने यादीची प्रत काढा आणि तिच्यावर सॉर्ट लावा. थेट लावलंत तर मूळ यादीच हलते आणि स्टेट (रिॲक्टने जपलेली माहिती) गंडते.

शोधायला टाइपस्क्रिप्टच्या (कोड तपासणारं साधन) कॉन्फिगमध्ये लिब ईएस२०२२ करा, म्हणजे ते जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या मानकापर्यंतचीच फंक्शनं ओळखेल; साध्या जेएस फाइली असतील तर त्या तपासायला चेकजेएस चालू करा. टूसॉर्टेड २०२३ च्या मानकातलं आहे, लगेच लाल रेघ येईल. डॉमचं (पानाचे घटक हाताळणाऱ्या ब्राउझरच्या सोयींचं) काही नवीन वापरलं असेल तर ते यात सापडणार नाही, त्यासाठी कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते सांगणारी कॅनआययूज ही साइट बघा.

धागाकर्ता
लाल रेघा तीन आल्या. दोन टूसॉर्टेडच्या, एक ऑब्जेक्ट.ग्रुपबायची (यादीचे गट पाडणारं फंक्शन). ते तर फायरफॉक्समध्येही ११९ ला आलंय. मार्चअखेरच्या अहवालाच्या पानावर होतं, आणि ते पान अजून कुणी उघडलंच नव्हतं.