पेपरच्या दिवशी अंगात ताप होता… पुढं अर्जात ते कसं सांगितलंत?

परवा सांगलीत माझा एक विद्यार्थी घरी आला. गेल्या वर्षी बारावी झाला. गणितात ५२, बाकी सगळे विषय ८५ च्या वर. गणिताच्या चार दिवस आधी त्याला डेंग्यू निघाला होता. मिरजेला सलाईन लावून घेतलं आणि पोरगा पेपरला बसला. आता इंग्लंडच्या विद्यापीठांना अर्ज करतोय आणि मला विचारतोय, "मॅडम, हे लिहू का? रडगाणं वाटेल."

म्हटलं, तू लिहू नकोस, मी लिहिते. तिथल्या यूकासच्या, म्हणजे सगळ्या विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेच्या, अर्जात शिक्षकाच्या शिफारसपत्राचे तीन भाग असतात, त्यातला दुसरा अशाच अडचणींसाठी ठेवलेला आहे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या निवेदनाला ४,००० अक्षरांची मर्यादा, ती त्यानं विषयावरच खर्च करावी. पण माझ्या चार ओळींसाठी रिपोर्ट मागितले तर त्याच्याकडं मोबाईलमधला एक अंधुक फोटो. फाईल घर बदलताना गेली. मला फार वाईट वाटलं. पेपर चुकला तर निकालपत्रावर गैरहजेरी तरी दिसते. तापात बसून दिलेल्या पेपरची नोंद कुठंच राहत नाही, नुसते कमी गुण राहतात.

बावीस वर्षं शिकवतेय, अशी मुलं दरवर्षी बघते. तुमच्या घरी असं झालं तेव्हा काय केलंत, कुणाला सांगितलंत? मनमोकळं लिहा.

तासगावहून एक वडील
आमच्या मुलीला कावीळ झाली ती ऐन फेब्रुवारीत, द्राक्षं उतरायच्या दिवसांत. रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल बुडालं. आम्ही दोघं बागेत, मजूर लागलेले, कुणी कॉलेजात जायचं? तिच्या मामानं त्याच दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अर्ज नेऊन दिला, म्हणून वाचलो. आधी खिडकीवर सांगितलं, आता काही होत नाही. आत बसलेल्या एका वयस्कर क्लार्कनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, आउट ऑफ टर्नला नाव घालू. लेखी पेपर संपल्यावर तिचं प्रॅक्टिकल झालं. ही सोय आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.
पुढं इंजिनिअरिंगला गेली. तिथं सीईटीचे पर्सेंटाइल बघतात, बारावीला भौतिक-रसायन-गणितात खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, झालं. आजाराचं कुणी विचारलंही नाही. फाईल कपाटात आहे.

(मॅडमकडून: दादा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आपल्या कॅप राउंडच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीच्या, फॉर्मात आजारपण लिहायला रकानाच नाही. तिथं डोकं शिणवू नये. जिथं माणूस अर्ज वाचतो किंवा मुलाखत घेतो, तिथंच शब्दांना काम असतं.)

सातारा
माझी नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, १३ सप्टेंबर २०२० ला होती. त्या महिन्यात साताऱ्यात घराघरांत कोविड होता. आठ तारखेला मी पॉझिटिव्ह, आजी तर ऑक्सिजनवर. परीक्षा गेली. नीट वर्षातून एकदाच, जेईई मेनसारखी दुसरी संधी नाही. आईनं त्याच रात्री रिपोर्टचा फोटो जोडून परीक्षा घेणाऱ्यांना ईमेल केला. उत्तर येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पुढं सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि माझ्यासारख्यांची परीक्षा १४ ऑक्टोबरला झाली. जेमतेम दोन दिवस आधी कळलं. खोकत खोकत अभ्यास केला. आज मी एमबीबीएस आहे. आजी मात्र राहिली नाही.

मिरजेतून, डॉक्टर
दर जूनमध्ये पालक येतात आणि मार्चच्या तारखेचं सर्टिफिकेट मागतात. ज्यांना मी तेव्हा तपासलंय, त्यांचा केसपेपर काढून आजच्या तारखेचं देतो आणि आत लिहितो, अमुक ते अमुक तारखेपर्यंत माझ्याकडं उपचार चालू होते. ज्यांना तपासलंच नाही त्यांना देत नाही. वाईटपणा येतो, काही ओळखी तुटल्याही.
खरं सांगू? सर्टिफिकेटपेक्षा लॅबचा रिपोर्ट जास्त बोलतो. डेंग्यूची एनएस-१ तपासणी तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच नीट सापडते. म्हणजे ती पॉझिटिव्ह असेल तर आजार कधी सुरू झाला हेही कळतं. दीड लाखाच्या वर असायच्या त्या प्लेटलेट ४० हजारांवर आल्या, तारीख छापलेली. परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी तो कागद ठेवला की वेगळं काही पटवावं लागत नाही. मॅडम, त्या मुलाला लॅबमध्ये पाठवा. बहुतेक ठिकाणी संगणकात जुने रिपोर्ट मिळतात.

कराड
मी जर्मनीला मास्टर्ससाठी अर्ज केला तेव्हाचं सांगतो. पाचव्या सत्रात टायफॉइड झाला, दोन विषय राहिले. उद्देशपत्राच्या (हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या पत्राच्या) पहिल्या खर्ड्यात मी आजारावर अख्खं पान लिहिलं होतं. ताप, होस्टेलची मेस, आईची धावपळ, सगळं. माझ्या बहिणीनं ते वाचलं, तिला रडू आलं, आणि तिनंच ते खोडलं. उरलं ते असं: "पाचव्या सत्रात टायफॉइडमुळे १९ दिवस आजारी होतो, दोन विषय राहिले. पुढच्याच सत्रात दोन्ही उत्तीर्ण झालो. तेव्हापासून प्रत्येक सत्रात सरासरी ८ च्या वर आहे." सोबत डिस्चार्ज कार्ड जोडलं.
आपले गुण तिकडं सुधारित बव्हेरियन सूत्रानं त्यांच्या श्रेणीत बसवतात. त्या आकड्याला माझा टायफॉइड कळत नाही. पण बॅकलॉग का दिसतोय हे वाचणाऱ्याला कळलं. दोन ठिकाणी नकार आला, तिसरीकडं मिळालं.

इस्लामपूर
परीक्षेच्या आठवडाभर आधी उजवा हात मोडला. एक्स-रे, अर्ज, मंडळाची परवानगी, लेखनिक मिळाला. आमचं विभागीय मंडळ कोल्हापूरला, वडील दोनदा जाऊन आले.

वाई तालुका, नाव नको
माझा आजार दिसणारा नव्हता. पेपर हातात आला की छाती धडधडायची, अक्षरं दिसायची बंद व्हायची. दोन पेपर तसेच सोडून बाहेर आले. एक वर्ष घरी होते, साताऱ्याला उपचार घेतले, जुलैच्या पुरवणी परीक्षेत दोन्ही विषय सुटले. मग बंगळूरच्या एका विद्यापीठाची मुलाखत. गॅपबद्दल विचारलं. मी म्हणाले, आजारी होते, उपचार घेतले, आता बरी आहे आणि गेले दहा महिने गावच्या वाचनालयात मुलांना शिकवते. आजाराचं नाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढचा सगळा वेळ आम्ही त्या वाचनालयावरच बोललो.

(मॅडमकडून: बाळ, लिहिलंस ते बरं केलंस. वाचणाऱ्या कुणाला असा त्रास होत असेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलतात. आणि डॉक्टर, आभार. डेंग्यू झालेल्या माझ्या विद्यार्थ्याचे तीन दिवसांचे रिपोर्ट लॅबमध्ये मिळाले. काल रात्री माझ्या चार ओळी लिहून झाल्या.)

पलूस, एक आई
मॅडम, घाईत लिहितेय. मुलीला कांजिण्या उठल्यात, उद्या भौतिकशास्त्र. बसू देतील का?

(मॅडमकडून: ताई, आत्ताच केंद्रसंचालकांना फोन करा. आमच्या केंद्रावर अशा मुलांना वेगळ्या खोलीत बसवलंय. डॉक्टरांची चिठ्ठी न्या, तिची एक प्रत कॉलेजात द्या आणि पोच घ्या. खपल्या धरेपर्यंत लागण होते, म्हणून ती गर्दीत थांबायला नको. अंगावर सुती कपडे. बसवत नसेल तर हट्ट नको, पुरवणी परीक्षा आहे.)

पलूस
झाला पेपर. वेगळी खोली दिली, एकच सर होते. पोरगी घरी येऊन झोपलीय. चिठ्ठी, पोच आणि हॉलतिकीट एकाच पिशवीत घालून देवघरात ठेवलंय.