वजन पुढे घ्या भाऊ, स्पीड नंतर बघू

वर भाऊंनी लिहिलं की ट्रेलर रिकामा असला की गुमान चालते आन सामान भरलं की वर्धा रोडवर ऐंशीच्या पुढे डुलून रायला, आन खाली एकानं सल्ला दिला की मोठी गाडी घ्या. काऊन बाप्पा, आधी सामान कुठं ठेवलं ते तर बघा! जनरेटर, पाण्याचे कॅन मागच्या दाराशी ठेवले की गाडीच्या मागच्या, ट्रेलर ओढणाऱ्या हुकवरचं वजन कमी होते आन मग शेपूट डोकं हलवते. जड माल चाकांच्या आडव्या दांड्याच्या म्हणजे अ‍ॅक्सलच्या वर, किंचित पुढे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर पडला पाहिजे, म्हणजे ८०० किलोला ८० ते १२०, पण तुमच्या गाडीचा हुक तेवढं झेलते का ते मॅन्युअलात पाहूनच.

आन डुलायला लागलाच, ट्रॅव्हल्सवाला बाजूनं सूं करून गेला की लागतेच, तर ब्रेक दाबू नका, स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका. सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, आपोआप बसते.

सेफ्टी चेन दोन्ही हुकखाली क्रॉस करून लावा, कपलर (ट्रेलर हुकला जोडणारा भाग) निसटला तर ट्रेलरची पुढची दांडी त्यावर अडकते, रस्त्यात रुतत नाही. टायर मात्र गोटा झाले नाही म्हणून चांगले समजू नका, आपल्या मे महिन्याच्या उन्हात उभ्या ट्रेलरचे टायर साइडला तडकतात. छिंदवाड्याकडे जाणार असाल तर परत येताना सिल्लेवानी घाट उतरताना खालचा गिअर, उतार सुरू व्हायच्या आधीच.